शिळोद्यानातील सदाहरित आस्तरण-वनस्पती

पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून वर चढत गेले असता वनस्पतींचे रूप टप्प्याटप्प्याने पालटत जाते. प्रथम शालवृक्षांची अरण्ये लागतात. पुढे ओक, मॅग्नोलिया, ऱ्होडोडेंड्रॉन यांची वने येतात. त्यानंतर सूचिपर्णी वृक्षांचे राज्य सुरू होते. सुमारे ३,८०० ते ४,००० मीटर उंचीच्या आसपास वृक्षांची सीमा संपते. यापुढे झाडाला ताठ उभे राहणे परवडत नाही. वाऱ्याचा मारा, थंडी आणि उन्हाळ्याचा अत्यल्प काळ यांमुळे जी वनस्पती तेथे टिकते ती जमिनीला अंग टेकूनच टिकते. तिची खोडे आडवी पसरतात, फांद्या एकमेकींत गुंततात, पाने लहान व जाड होतात. आणि पाहता पाहता खडकावर एखादी हिरवी चटई अंथरावी तसे तिचे रूप होते. अशा वनस्पतींना ‘आस्तरण-वनस्पती’ म्हणता येईल. आस्तरण म्हणजे अंथरूण. यांपैकी काही चटईसारख्या सपाट असतात, तर काही बैठकीवरील गिरदीसारख्या मधे फुगीर असतात. पुष्कळशा बाराही महिने हिरव्या राहतात.

युरोपातील आल्प्स पर्वतावरून या उंचीवरील वनस्पतींना ‘आल्पाइन’ हे नाव पडले असले, तरी त्यांचे वैभव हिमालयात कमी नाही. त्या बागेत वाढविण्यासाठी दगडमातीची जी विशेष रचना करावी लागते, तिला शिळोद्यान म्हणतात. चंडीगड येथे १९७६ साली खुले झालेले नेकचंद यांचे प्रसिद्ध रॉक गार्डन हे शिल्पांचे उद्यान आहे. येथे अभिप्रेत आहे ते वनस्पतींसाठी रचलेले शिळोद्यान. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये १७७३ साली आइसलँडहून आणलेल्या ज्वालामुखीच्या दगडांचा उपयोग करून असे उद्यान उभारण्यात आले. ते युरोपातील सर्वांत जुन्या शिळोद्यानांपैकी एक समजले जाते.

या वनस्पती कोठे वाढतात, कोठे वाढत नाहीत, आणि का, हे समजण्यास कोलकात्याइतके उद्बोधक स्थळ क्वचितच सापडेल.

१. दोन बोटे उंचीचे जीवन

जमिनीपासून हातभर उंचीवर वाहणारा वारा आणि जमिनीला लगटून असलेली हवा यांत मोठा फरक असतो. खडकाजवळ वाऱ्याचा वेग मंदावतो आणि उन्हाने तापलेल्या दगडाची ऊब तेथे साठून राहते. निरभ्र दिवशी दाट गिरदीच्या आतील उष्णतामान बाहेरील हवेपेक्षा दहा अंश सेल्सिअसने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. म्हणजे ही वनस्पती स्वतःच्याच अंगाचे घर करून त्यात राहते. जुनी पाने गळून दूर जात नाहीत. ती गिरदीच्या पोटातच कुजतात, पाणी धरून ठेवतात आणि त्यांतील क्षार मुळांना पुन्हा मिळतात. अनेकदा दुसऱ्या जातींचे बीही या उबदार पोटात रुजते आणि ही वनस्पती इतरांची दाई बनते.

पाने सदाहरित असण्यातही काटकसर आहे. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत जेथे जेमतेम तीन-चार महिने मिळतात, तेथे दर वर्षी नवी पालवी घडविण्यात वेळ व क्षार दवडणे परवडत नाही. गतवर्षीची पाने तयार असली की ऊन पडताच अन्ननिर्मितीस प्रारंभ होतो. आपल्याकडे याच्या उलट प्रकार पाहावयास मिळतो. सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावरील बहुतेक फुलझाडेही उघड्या कातळावर बोटभर मातीत, जमिनीलगतच वाढतात. परंतु तेथे शत्रू थंडी नसून पावसाळ्यानंतरचा दीर्घ कोरडा काळ आहे. म्हणून त्यांतील बहुसंख्य वनस्पती पावसात जन्मून, फुलून, बी टाकून नाहीशा होतात किंवा कंदरूपाने जमिनीत दडून राहतात. कातळ सारखाच, उत्तर मात्र निराळे.

या काटकसरीची किंमत म्हणजे मंद वाढ. हाताच्या पंज्याएवढी गिरदी कित्येक दशकांची असू शकते. आर्क्टिक प्रदेशात व उंच पर्वतांवर आढळणाऱ्या सायलीन अकॉलिस या वनस्पतीच्या काही गिरद्यांचे वय तीनशे वर्षांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. चिवटपणाही तसाच विलक्षण. १९२१ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत वोलास्टन यांना अरेनेरिया ब्रायोफायला ही इवलीशी गिरदी-वनस्पती ६,००० मीटरांहून अधिक उंचीवर सापडली.

२. श्रीरामपूरचे एक फूल

कलकत्त्यासमोर, हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथे १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड यांनी वनस्पती-उद्यान स्थापन केले. तेच आजचे आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती-उद्यान होय. आरंभीच्या काळात तेथे विषुववृत्तीय बेटांवरील मसाल्याची झाडे आणि युरोपातील फळझाडे लावून पाहण्यात आली. दोन्ही प्रयत्नांना बंगालची हवा मानवली नाही. परंतु काय वाढत नाही हे निश्चित कळणे, हाही उद्यानाचा लाभच होता.

याच काळात श्रीरामपूर येथे विल्यम केरी हे मिशनरी आपली स्वतःची बाग जोपासीत होते. मराठी वाचकांना हे नाव अपरिचित नाही. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० साली मराठी शब्दकोश प्रसिद्ध करणारे ते हेच केरी. शिबपूरच्या उद्यानातील वनस्पतींची रॉक्सबर्ग यांनी केलेली यादी १८१४ साली केरी यांनीच छापून प्रसिद्ध केली, आणि आज अलीपूर येथे असलेली कृषी व उद्यानविद्या संस्था १८२० साली त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली.

एकदा इंग्लंडहून त्यांना बियांची एक पिशवी आली. बी काढून घेतल्यावर पिशवीच्या तळाशी राहिलेली माती त्यांनी बागेतील एका सावलीच्या कोपऱ्यात झटकून टाकली. काही दिवसांनी त्या जागी एक अंकुर दिसला. तो इंग्लंडच्या कुरणात सर्वत्र आढळणाऱ्या डेझीचा होता. तीस वर्षांहून अधिक काळात त्यांनी ते फूल पाहिले नव्हते, आणि पुन्हा कधी दिसेल अशी आशाही नव्हती. त्यांना झालेला आनंद त्यांनी पत्रातून कळविला.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या हकिगतीचा पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. डेझी ही जमिनीलगत पानांचे झुपके करून पसरणारी, बहुवर्षायू आणि सदाहरित वनस्पती आहे. मायदेशी एकच झुपका वर्षानुवर्षे वाढत राहतो. श्रीरामपुरास मात्र केरी यांना ती केवळ वर्षायू म्हणूनच टिकविता आली. एका हंगामाचे बी जपून ठेवावयाचे आणि पुढील हंगामात पेरावयाचे. बंगालमध्ये ती बहुवर्षायू राहिली नाही. असे का व्हावे?

३. अडचण पावसाची नव्हे, रात्रीची

पुष्कळांची अशी समजूत असते की, थंड प्रदेशातील वनस्पती बंगालच्या मुसळधार पावसाने मरतात. हे पूर्णतः खरे नाही. पूर्व हिमालयातील आस्तरण-वनस्पतींनाही पाऊस जून ते सप्टेंबर याच काळात मिळतो. हिवाळा तेथेही कोरडा असतो. किंबहुना दार्जिलिंगला कोलकात्याहून अधिकच पाऊस पडतो. पावसाचा ताल दोन्हीकडे एकच आहे; निराळे आहे ते उष्णतामान, आणि तेही विशेषतः रात्रीचे.

जुलै महिन्यात कोलकात्याची रात्र सुमारे २६ अंशांची असते. दार्जिलिंगची सुमारे १४ अंशांची. वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात साखर तयार करते, परंतु श्वसन मात्र रात्रंदिवस चालू असते. सामान्यतः उष्णतामान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. समजा, एक आस्तरण-वनस्पती डोंगरावर दिवसाकाठी १० भाग साखर तयार करते व श्वसनात ३ भाग खर्च करते. तिच्यापाशी ७ भाग शिल्लक राहतात. तीच वनस्पती बारा अंशांनी अधिक उष्ण अशा ठिकाणी आणली, तर खर्च ३ वरून जवळजवळ ७ भागांवर जाईल. थंड हवेस सरावलेल्या पानांची निर्मितीही अति उष्णतेत घटते. ती ६ भागांवर आली असे धरल्यास दररोज एका भागाची तूट येईल. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, आणि वनस्पती काही अंशी स्वतःला जुळवूनही घेते; तथापि हिशेबाचे स्वरूप हेच आहे. साठा संपेपर्यंत रोप हिरवे दिसते, आणि मग एखाद्या आठवड्यात कोसळते. माळ्यास वाटते की पाणी चुकले. वस्तुतः ते रोप कित्येक आठवडे उपाशी होते.

याला दुसरे कारण येऊन मिळते. जी दाट गिरदी डोंगरावर ऊब धरून ठेवते, तीच बंगालमध्ये दमट उष्ण हवा कोंडून ठेवते. अशक्त झालेल्या पानांवर तेथे बुरशी झपाट्याने पसरते. तिसरे कारण हिवाळ्याचे. अनेक पर्वतीय वनस्पतींना कळ्या धरण्यासाठी किंवा बी रुजण्यासाठी काही आठवडे कडक थंडी लागते. कोलकात्याच्या जानेवारीतील सुमारे १४ अंशांच्या रात्री त्यास पुरेशा नाहीत.

४. दार्जिलिंगचा तोडगा

हवामान बागेत आणता येत नसेल, तर बागच हवामानाकडे नेली पाहिजे. कलकत्त्याच्या उद्यानाने हाच मार्ग पत्करला. विल्यम लॉइड यांनी दिलेल्या जमिनीवर १८७८ साली दार्जिलिंग येथे शिबपूरच्या उद्यानाची शाखा म्हणून लॉइड वनस्पती-उद्यान सुरू झाले. हजार मीटर चढले असता उष्णतामान सरासरीने सुमारे सहा अंशांनी उतरते. दार्जिलिंग सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. म्हणजे हुगळीकाठच्या मानाने तेथे सुमारे बारा अंशांचा दिलासा मिळतो. अशा हवेत मध्यम उंचीवरील हिमालयीन वनस्पती चांगल्या रुजतात. सिंगालीला पर्वतरांगेतील संदकफू हे ३,६३६ मीटर उंचीचे शिखर पश्चिम बंगालमधील सर्वोच्च ठिकाण आहे. समुद्रकिनाऱ्यापासून वृक्षसीमेच्या उंबरठ्यापर्यंतची सारी हवामाने एकाच राज्यात असणे, ही वनस्पतींच्या अभ्यासकास मिळालेली मोठीच देणगी होय.

याउलट मार्गही अलीकडे काढण्यात आला आहे. लंडनजवळील क्यू उद्यानात २००६ साली उघडलेल्या डेव्हिस आल्पाइन गृहाची काचेची इमारत उंच व अरुंद आहे. तापलेली हवा वरच्या झरोक्यांतून निघून जाते आणि जमिनीखालील काँक्रीटच्या वळणावळणाच्या मार्गातून थंड झालेली हवा रोपांवर सोडली जाते. हा उपायही तेथील मुळातच सौम्य उन्हाळ्यामुळे शक्य झाला, हे विसरता कामा नये.

५. शिळोद्यानाची रचना

पुढील सूचना दार्जिलिंग, कालिंपाँग, गंगटोक, नैनिताल, सिमला यांसारख्या डोंगराळ गावांतील वाचकांना विशेष उपयुक्त ठरतील. जागा मोकळी व उताराची असावी. मोठ्या वृक्षाखाली नसावी, कारण गळलेली ओली पाने गिरदीवर पडून राहिल्यास ती कुजविते. कमी उंचीच्या गावी उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेला उतार निवडावा, म्हणजे दुपारचे ऊन टळते.

तळाशी खडी किंवा फुटक्या विटांचा १५ ते २० सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. त्यावर एक भाग बागेची माती, एक भाग कुजलेल्या पानांचे खत व दोन भाग जाड वाळू आणि बारीक खडी यांचे मिश्रण घालावे. मिश्रण भिजवून मुठीत दाबले असता त्याचा गोळा होऊन तसाच राहिला, तर वाळू कमी पडली असे समजावे. दगड नुसते वर ठेवू नयेत. प्रत्येक दगडाचा एक-तृतीयांश ते अर्धा भाग मातीत पुरावा, त्याचे रुंद अंग खाली असावे आणि माथा किंचित मागे कललेला असावा, म्हणजे त्यावर पडलेले पाणी मागील मुळांकडे वळते. दगडांतील थरांच्या रेषा एकाच दिशेने ठेवल्यास रचना निसर्गातील कड्यासारखी दिसते. पुरलेला दगड शोभेपुरता नसतो; त्याच्या खालची माती उन्हातही गार व ओलसर राहते, आणि मुळे तेथवर पोचतात.

रोप लावल्यावर त्याच्या गळ्याभोवती, म्हणजे खोड व मूळ मिळतात त्या जागी, दोन ते तीन सेंटिमीटर जाडीची बारीक खडी पसरावी. बहुतेक आस्तरण-वनस्पतींचे मरण मुळापासून नव्हे, तर या गळ्याच्या कुजण्यापासून सुरू होते. खडीमुळे तेथे पाणी साचत नाही आणि पावसाचे चिखलाचे शिंतोडेही पानांवर उडत नाहीत. फुलांचा बहर ओसरला की टोके हलकेच छाटावीत. चटईचा मध्यभाग जुनाट होऊन उघडा पडू लागल्यास वाळू व पानखत समप्रमाणात चाळून त्यात भुरभुरावे. झाकल्या गेलेल्या फांद्यांना मुळे फुटतात व पोकळी भरून येते. खत कमीच द्यावे. भरपूर खताने वाढ लुसलुशीत होते व गिरदीचा घट्टपणा जातो.

६. लागवडीस योग्य काही वनस्पती

आरंभ करणाऱ्याने प्रथम पाषाणभेद लावावा. आयुर्वेदात मूतखड्यावरील औषध म्हणून प्रसिद्ध असलेली ही वनस्पती, शास्त्रीय नाव बर्जेनिया सिलिएटा, हिमालयातील खडकांच्या फटींतून वाढते. तिचे जाड खोड आडवे सरकत जाते आणि मोठ्या पानांचा दाट पट्टा तयार होतो. गुलाबी फुले वसंतात येतात. ज्या सॅक्सिफ्रागा वर्गात पूर्वी तिची गणना होत असे, त्या लॅटिन नावाचाही अर्थ ‘दगड फोडणारी’ असाच आहे. वस्तुतः ही वनस्पती खडक फोडीत नाही. फटीत साचलेली चिमूटभर माती तिला पुरते, एवढेच.

कोटोनिॲस्टर मायक्रोफिलस हे ताठर, सदाहरित झुडूप दगडाच्या अंगाखांद्याचा ठसा घेतल्यासारखे त्यावर पसरते; त्याची फुले पांढरी व फळे लाल असतात. गॉल्थेरिया नम्युलॅरिओइडिस हिची गोल पाने नाण्यांच्या माळेसारखी दोन रांगांत लागतात, आणि तिच्या नावाचा अर्थही तोच आहे. तिला सावली, ओलावा आणि आम्ल माती लागते. तिच्याजवळ चुनखडीचा दगड किंवा चुन्याचा गिलावा असू नये. उन्हाच्या जागी थायमस लिनिॲरिस ही हिमालयीन थाइम लावावी. हिची पाने चुरगळली असता ओव्यासारखा वास येतो, कारण थायमॉल हे द्रव्य दोहोंतही असते. अँड्रोसेस जातीच्या वनस्पती धावत्या फांद्यांनी झुपक्यांची जाळी विणतात. त्यांची केसाळ पाने पाणी धरून ठेवतात, म्हणून हिवाळ्यात त्यांना कोरडे ठेवणे अगत्याचे असते.

रोपांची वाढ बियांपासून, छाटांपासून किंवा मुळे फुटलेल्या फांद्या वेगळ्या करून करता येते. बी ओलसर वाळूत मिसळून चार ते सहा आठवडे शीतकपाटात सुमारे ४ अंशांवर ठेवल्यास पुष्कळ जातींची सुप्तावस्था संपते. छाट तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे, बहरानंतरच्या नव्या फुटव्यांचे घ्यावेत व वाळूत लावावेत.

७. सपाटीवरील बागेसाठी

कोलकाता, नागपूर किंवा मुंबई येथील हौशी माळ्याने निराश होण्याचे कारण नाही; मात्र त्याने केरी यांच्या डेझीपासून बोध घ्यावा. थंड हवेतील ज्या लहान वनस्पती बियांपासून लवकर फुलतात, त्यांना हिवाळी वर्षायू समजावे. डेझी, ॲलिसम यांचे बी ऑक्टोबरात पेरल्यास हिवाळा संपण्यापूर्वी फुले मिळतात. मार्चनंतर त्यांना निरोप द्यावा.

कायमच्या हिरव्या आस्तरणासाठी उष्ण हवेस सरावलेल्या वनस्पती निवडाव्यात. जलपिंपळी ओलसर जागी घट्ट चटई करते. ब्राह्मी पाण्याच्या काठी पसरते. ऑफिओपोगॉनचे गवतासारखे झुपके सावलीतही हिरवे राहतात. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात दगड मिळत नाही, म्हणून बंगालमध्ये भट्टीत अति भाजून काळपट, वेड्यावाकड्या झालेल्या विटा वापरतात. त्यांना तिकडे ‘झामा’ व आपल्याकडे ‘खंगर’ म्हणतात. सच्छिद्र असल्याने त्या ओलावा धरतात, आणि काही पावसाळ्यांनंतर शेवाळाने झाकून दगडासारख्याच दिसू लागतात.

८. बी आणावे, रोप उपटू नये

पर्वतावर गेलेल्या प्रवाशाला सुंदर गिरदी दिसताच ती मुळासकट उचलून घरी न्यावी असा मोह होतो. सपाटीवर तिचे काय होते, हे वरील विवेचनावरून स्पष्ट आहे: काही आठवड्यांत एका दीर्घ आयुष्याचा शेवट. डोंगरावर राहिलेली उघडी जागा भरून येण्यासही तितकाच दीर्घ काळ लागतो. म्हणून रोपे रोपवाटिकेतूनच घ्यावीत, आणि बीही परवानगीने व मोजकेच गोळा करावे.

या वनस्पतींवर आणखी मोठे संकट ओढवले आहे. जोसेफ डाल्टन हूकर हे १८४८ साली कलकत्त्यास उतरले व तेथून दार्जिलिंगला गेले. १८५० पर्यंत त्यांनी सिक्कीमच्या पर्वतांत हिंडून कोणती वनस्पती किती उंचीवर आढळते याच्या नोंदी केल्या. त्या नोंदींची २००७ ते २०१० या काळातील पाहणीशी तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या १२४ प्रदेशनिष्ठ जातींपैकी ८७ टक्के जातींचे क्षेत्र सरकलेले आढळले, आणि वाढत्या उष्णतेमुळे त्यांची वाटचाल प्रामुख्याने वरच्या दिशेने होत असल्याचे दिसले. बागेला उष्णतेपासून दूर नेणे शिबपूरला शक्य झाले, कारण वर दार्जिलिंग होते. शिखराशी पोचलेल्या वनस्पतीला मात्र त्याहून वर जाण्यास जागाच उरत नाही.

अशा वेळी थंड प्रदेशातील वनस्पती-उद्यानांचे काम शोभेपुरते राहत नाही. तेथे जोपासलेली प्रत्येक जात, जपून ठेवलेले प्रत्येक बी आणि केलेली प्रत्येक नोंद उद्याच्या अभ्यासकास आधार देणार आहे. हूकर यांनी टिपून ठेवलेल्या उंचीच्या आकड्यांचे मोल दीडशे वर्षांनंतर कळले. ज्याच्या अंगणात डोंगरी हवा आहे, त्यानेही आपल्या शिळोद्यानातील रोप केव्हा लावले, केव्हा फुलले व केव्हा सुकले याची तारीखवार नोंद ठेवावी.

अभ्यासासाठी

१. एकाच मापाच्या दोन कुंड्यांपैकी एकीत बागेची माती व दुसरीत प्रकरण ५ मधील मिश्रण भरावे. दोहोंत सारखेच पाणी ओतून ते खालच्या छिद्रातून बाहेर येण्यास लागणारा वेळ मोजावा.

२. निरभ्र दिवशी दुपारी उन्हातील दगडालगत आणि जमिनीपासून एक मीटर उंचीवर उष्णतामापक ठेवून दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. उष्णतामापकाच्या फुग्यावर थेट ऊन पडू देऊ नये. आलेल्या फरकाचा आस्तरण-वनस्पतीस डोंगरावर काय उपयोग होईल व सपाटीवर काय अपाय होईल?

३. कासच्या पठारावरील वनस्पती आणि हिमालयातील आस्तरण-वनस्पती या दोन्ही खडकावर वाढत असूनही त्यांच्या जीवनक्रमात भेद का पडला, हे आपल्या शब्दांत लिहावे.